मी, कोंडीरामच्या पोटाचं दार

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. माणसाची अन्ननळी संपते आणि पोट सुरू होतं, तिथे मी अंगठीसारखा गोल बसलोय. माझा मालक कोंडीराम, लालबागच्या चाळीत राहणारा, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग चालवणारा. माझा स्वभाव मुळातच भित्रा. पोटातलं आंबट पाणी वर चढू नये म्हणून एरवी मी गच्च मिटून असतो.

मग घास आत कसा जायचा? माझ्या शेजारी बारीक मज्जापेशी राहत. कोंडीरामने घास गिळला, की त्या कणभर वायू सोडत. तो वायू दार वाजवत नसे, विचारत नसे, सरळ माझ्या अंगात शिरे आणि मी सैल पडे. घास उतरेपर्यंत वायू विरून जाई, मी पुन्हा घट्ट. कितीतरी वर्षं हे बिनबोभाट चाललं. कुणी शाबासकी दिली नाही, मीही मागितली नाही.

गिरण्यांचा संप सुरू झाला, त्याच साली माझे शेजारी एकेक करून मरू लागले. का, ते मला आजही ठाऊक नाही. निरोपच येईना. वरून भाकरीचा घास अंगावर येऊन पडायचा आणि मी, काय सांगू, उघडायचं कसं तेच मला आठवेना. कोंडीराम तांब्याभर पाणी प्यायचा, उभा राहून हात वर ताणायचा. तरीही घास सुटला नाही, तर गुपचूप मोरीत ओकून यायचा.

त्याची पाचावर धारण बसली होती. गिरणीत त्याच्याच खात्यात काम करणाऱ्या सीतारामला असंच गिळता येईनासं झालं होतं. कॅन्सर निघाला आणि सहा महिन्यांत माणूस गेला. म्हणून कोंडीराम तोंडातून ब्र काढेना. संपामुळे लपवणंही सोपं झालं. पोरांना पुरावं म्हणून चाळीतली निम्मी माणसं अर्धपोटी उठत होती. कोंडीरामही तसाच, असं सगळे समजले. त्याची बायको सुंदराबाई नळावर कौतुकाने सांगायची, आमचे हे स्वतः उपाशी राहतात पण पोरांना कमी पडू देत नाहीत. घ्या, फुकटची शाबासकी! कोंडीराम मान खाली घालायचा, पण खरं काही बोलायचा नाही.

एके दिवशी त्याच नळावर सुंदराबाई चक्कर येऊन पडली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची पापणी वर करून पाहिली आणि म्हणाले, हिच्या पोटात कित्येक महिने धड अन्न नाही. कोंडीराम म्हणाला, असं कसं, ती तर माझ्या आधी जेवते. तेव्हा त्याची थोरली मुलगी राधा रडत म्हणाली, “आई तिची भाकर तुमच्या ताटात वाढते, बाबा.”

कोंडीराम सुंदराबाईच्या खाटेशी वाकला.

“सुंदरा, मला गिळता येत नाही गं,” तो म्हणाला. “तुझी भाकर मी मोरीत ओकत होतो.”

ती उठून बसली. मग म्हणाली, “आधी सांगायचं होतं. मी तरी खाल्ली असती.”

मोठ्या इस्पितळात कोंडीरामला खडूसारखं पांढरं पाणी पाजून फोटो काढला. कॅन्सर नव्हता, दार अडलं होतं, म्हणजे मी. जेवणाआधी जिभेखाली ठेवायला हृदयरोग्यांची गोळी दिली. घरी सुंदराबाईने दोन ताटं वाढली, पण त्याचा घास उतरल्याशिवाय ती आपल्या ताटाला हात लावेना. मित्रांनो, इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. आज उघडलो नाही, तर दोघंही उपाशी!

गोळी विरघळली. आणि तिच्यातून सुटलेला तोच जुना वायू न विचारता माझ्या अंगात शिरला. त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड, मोटारीच्या धुरातही तो असतो. माझा निरोप्या तोच, हे डॉक्टरांनाही पुढे आठ-दहा वर्षांनी कळलं. मला एवढंच कळलं की मी सैल पडलो.

“उतरला?” सुंदराबाईने विचारलं. त्याने मान हलवली. मग तिने भाकरी मोडली.

माझे शेजारी काही परत आले नाहीत. पुढे फुगा घालून मला ताणलं, तेव्हा मी थोडा ढिला झालो. तरी प्रत्येक घासाला मला अजून धडकी भरते. मला हात नाहीत, नाहीतर जोडून सांगितलं असतं: घास अडत असेल, तर लपवू नका. तुमच्या ताटातली भाकर कुणीतरी उपाशी राहून वाढलेली असेल.