शुक्रवारचा फळा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कोणी हळहळू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो. मी फळा आहे. माझ्या मधल्या फळीला चीर गेली आहे, एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे आणि काळा रंग जागोजागी विटून खालचे लाकूड दिसते आहे. पण मी अजून उभा आहे आणि अजून कामात आहे. मला अडगळ ठरवणारे केव्हाच घरी बसले.

माझा जन्म कल्याणच्या बंदरावर झाला. साल अठराशे त्र्याऐंशी. खाडीच्या काठी काळुराम सुतार मचवे दुरुस्त करीत असे. मुलींच्या शाळेला फळा हवा आहे असा निरोप आला, तेव्हा त्याने सागाच्या तीन रुंद फळ्या निवडल्या. त्या रंध्याने तासून गुळगुळीत केल्या, मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि तेलात काजळी खलून माझ्यावर चार हात दिले. माझा रंग वाळला तेव्हा तो मला बोटाने टिचकी मारून म्हणाला, "वाजतोय कसा बघ, ढोलासारखा!"

हे तो आपल्या मुलीला म्हणाला होता. तिचे नाव बायजा. दहा वर्षांची, काटकुळी, सदा नाकावर काजळी लागलेली. मला शाळेत न्यायचे तेव्हा पुढचे टोक काळुरामने धरले आणि मागचे बायजाने.

शाळा म्हणजे एका व्यापाऱ्याच्या घराचा माडीवरचा दिवाणखाना. सतरा मुली आणि एक शिक्षिका, उत्तराबाई. वय चोविशीचे. पुण्याला शिकून आलेल्या. त्यांचे यजमान आनंदराव आगगाडीच्या कचेरीत कारकून होते. काळुराम मला तिवईवर चढवून खुंट्या ठोकत होता, तेवढ्यात बायजाने खडूचा तुकडा उचलला आणि माझ्या अंगावर भराभर एक कोंबडी काढली. माझ्यावर पडलेली ती पहिली रेघ. कोंबडी अशी होती, की ती आता दाणा टिपेल असे वाटावे.

काळुराम घाबरला. "पूस आधी! नवा फळा नासवलास!"

"राहू द्या," उत्तराबाई म्हणाल्या. "ही शाळेत का येत नाही?"

"आमच्यात पोरी शाळंत जात नाय, बाई."

"फळे करतात ना तुमच्यात? मग फळ्यासमोर बसायला काय हरकत आहे?"

दुसऱ्या दिवसापासून बायजा अठरावी झाली. दोन घरांतल्या आयांनी आपल्या मुलींना तिच्यापासून हातभर दूर बसायला सांगितले. उत्तराबाईंनी तिला पहिल्या रांगेत, माझ्या अगदी पुढ्यात बसवले.

मित्रांनो, आठवड्याचे पाच दिवस माझ्यावर पाढे आणि बाराखड्या असत. पण शुक्रवारची दुपार वेगळी. उत्तराबाईंचा धाकटा भाऊ हरिहर मुंबईला चित्रकला शिकत होता. तिथल्या पुस्तकांत जी चित्रे दिसत, त्यांची पेन्सिलीने नक्कल करून तो बहिणीला टपालाने पाठवी आणि चित्रकाराची हकीकतही लिही. उत्तराबाई ती नक्कल पाहून माझ्यावर मोठे चित्र काढत आणि गोष्ट सांगत.

अजिंठ्याच्या लेण्यांतले चितारी मी असेच पाहिले. अंधाऱ्या गुहेत भिंतीवर गिलावा करून त्यांनी कमळ धरलेला राजपुरुष रंगवला. दुसऱ्या शुक्रवारी जहांगीर बादशहाचा मन्सूर आला. गोव्याहून आणलेला एक परका पक्षी बादशहाने त्याच्यापुढे ठेवला आणि मन्सूरने त्याच्या गळ्याची प्रत्येक सुरकुती टिपली. मग जर्मन देशाचा ड्यूरर. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून गलबतात घालून पोर्तुगालला नेला. ड्यूररने तो डोळ्यांनी पाहिलाच नाही, ऐकीव वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांवरून काढला, आणि त्याच्या पाठीवर एक जादा शिंग बसवले. मुली पोट धरधरून हसल्या.

"बाई, मग त्याला चूक दिली का?" बायजाने विचारले.

"नाही गं. तीनशे वर्षं लोक तोच गेंडा खरा धरून चालले."

एकदा पॅरिसच्या काही चित्रकारांची हकीकत आली. मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे घेत नसत, म्हणून त्यांनी आपले प्रदर्शन आपणच भरवले. त्यांना वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेले ऊन रंगवायचे होते. लोकांनी खूप टर उडवली. त्यांत एक मोने म्हणून होता. नाव ऐकताच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "म्हणजे आपल्या पारनाक्यावरच्या मोन्यांपैकी का?" उत्तराबाईंनाही हसू आवरेना. मग त्यांनी त्याच मंडळीतल्या एका बाईचे नाव माझ्यावर ठळक लिहिले, बर्थ मोरिसो. आणि पुढच्या शुक्रवारी घोडे रंगवणारी रोझा बोनर आली. घोडे नीट पाहता यावेत म्हणून तिने सरकारची परवानगी काढली, पुरुषी विजार घातली आणि भर घोडेबाजारात वही घेऊन उभी राहिली.

ही विजार मात्र शाळेबाहेर गेली.

सोमवारी शाळेच्या कमिटीचे प्रमुख अण्णासाहेब माडी चढून आले. पगडी, उपरणे, हातात चांदीच्या मुठीची काठी. काठीचे टोक माझ्यावर टेकवून ते म्हणाले, "मुलींनी वाचावं, हिशेब करावा, शिवणटिपण शिकावं. परदेशात बायका विजारी घालतात हे कळून यांचं काय भलं होणार आहे?"

"विजार विसरल्या तरी चालेल, अण्णासाहेब," उत्तराबाई शांतपणे म्हणाल्या. "घोडा काढायचा तर घोड्यापाशी जावं लागतं, एवढं लक्षात राहिलं की झालं."

"हे शुक्रवारचं बंद करा."

"लेखी हुकूम द्या. मी लेखी उत्तर देईन."

काठीच्या टोकाने माझ्यावर एक पांढरा ओरखडा उठला. माझ्या अंगावर तो अजून आहे, आणि मी तो मिरवतो.

त्या हिवाळ्यात ठाण्याच्या काही हौशी मंडळींनी जिल्ह्यातल्या शाळांतील मुलांच्या हस्तकामाचे प्रदर्शन भरवले. उत्तराबाईंनी बायजाची तीन चित्रे धाडली. रंधा मारणारा काळुराम, काळ्या तलावावर धुणे धुणारी बाई आणि वाळूत कलंडलेली होडी. आठ दिवसांनी चित्रे परत आली. पाठीमागे परीक्षकाने लाल शाईने शेरा मारला होता. 'हे काम अकरा वर्षांच्या मुलीचे नव्हे. शिक्षिकेचे किंवा तिच्या भावाचे असावे. शाळेने असली लबाडी करू नये.'

अण्णासाहेबांना हवे तेच हाती लागले. कमिटी माझ्यासमोरच बसली. शिक्षिकेला काढावे आणि सुताराच्या मुलीचे नाव पटावरून कमी करावे, असा ठराव लिहायला घेतला.

"आठ दिवस थांबा," उत्तराबाई उभ्या राहून म्हणाल्या. "मी लबाड आहे हे ठाण्याच्या मंडळींनी माझ्या तोंडावर म्हणावं. मग मीच राजीनामा देते."

कमिटी कुरकुरली, पण थांबली.

बायजा त्या दिवशी पाटी-दप्तर काखेत मारून निघाली होती. "माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं, बाई. मी नाय येत उद्यापासून."

"बस खाली." उत्तराबाईंचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. बाईंनी खडू घेतला आणि माझ्यावर नाव लिहिले, एलिझाबेता सिरानी. "इटलीत बोलोन्या म्हणून शहर आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथे ही मुलगी राहत होती. इतकी भराभर आणि इतकी सुंदर चित्रं काढायची, की लोक म्हणाले, ही हिची नव्हेतच, हिच्या बापाची. मग तिने काय केलं असेल?"

"भांडली?" कोणीतरी म्हणाले.

"रडली?"

"तिने सगळ्यांना घरी बोलावलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चित्र काढलं."

बायजाने दप्तर खाली ठेवले. मग म्हणाली, "ठाण्याला कवा जायचं?"

कागदावरचे चित्र दूर बसलेल्यांना दिसले नसते, म्हणून मलाही न्यायचे ठरले. आगगाडीच्या डब्याच्या दारातून मी काही आत शिरेना. काळुराम म्हणाला, "माझ्या मचव्यावाल्याला सांगतो. पाण्यानं जाऊ." काळुराम त्या दिवशी फार भ्यालेला होता. मोठ्या लोकांसमोर पोरीचा हात चुकला तर काय, हेच तो वाटभर पुटपुटत होता. तरी आला. उत्तराबाईंबरोबर आनंदराव रजा काढून आले. ते फारसे बोलत नसत, पण बायकोच्या डोक्यावर छत्री धरून ते उघड्या मचव्यात सगळ्या बंदरादेखत बसले, हे मला पुष्कळ वाटले.

सकाळी ओहोटीबरोबर आम्ही निघालो. मुंब्र्याच्या डोंगराशी वारा वाढला आणि मचवा डोलू लागला. काळुरामने मला दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळले. बायजा नुसती पाहत होती. शिडाकडे, पाण्याकडे, बापाच्या पाठीकडे.

ठाण्याच्या दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसे जमली होती. अण्णासाहेबही आगगाडीने येऊन पुढच्या खुर्चीत बसले होते. परीक्षक म्हणजे पांढऱ्या मिशांचे वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून बायजाकडे पाहिले. "तू रंधा मारणारा माणूस काढला होतास म्हणतेस. तोच काढ पाहू."

बायजाने मान हलवली. "तोच काढला तर पाठ केलाय म्हणाल. दुसरं काय पण सांगा."

लोकांत हशा पिकला. अण्णासाहेब गरजले, "मोठ्यांशी बोलायची ही रीत?"

"थांबा," परीक्षक म्हणाले. "मुली, तू इथे आलीस कशी?"

"मचव्यानं."

"मग तो मचवा काढ."

मित्रांनो, तिने खडू माझ्यावर टेकवला. पहिली रेघ वाकडी गेली, हे मी लपवणार नाही. तिने ती पुसली नाही. तिची तिने लाट केली. मग हात सैल पडला. शीड वाऱ्याने फुगले. मागे बांबूवर अंग टाकून मचवा लोटणारा तांडेल आला. छत्री धरलेले आनंदराव आले, छत्रीची एक काडी मोडलेली होती तीसुद्धा आली. आणि मध्यभागी पाठमोरा काळुराम, खांदे आवळलेला, छातीशी एक भली मोठी फळी कवटाळून बसलेला. माझ्या अंगावर मीच उमटलो होतो.

भिंतीला टेकून उभा असलेला काळुराम आपलीच पाठ पाहून रडू लागला.

परीक्षक उठले, माझ्याजवळ आले आणि चित्र न्याहाळले. मग त्यांनी ती तीन चित्रे मागवली, पाठीमागचा लाल शेरा सर्वांसमक्ष खोडला आणि खाली सही केली. "चूक माझी झाली," ते उत्तराबाईंना म्हणाले. "बक्षिसं वाटून झाली आहेत, त्याला माझा इलाज नाही. पण हा फळा इथेच राहू दे. चित्र पुसू नका. मोठ्या साहेबांना दाखवू."

"फळा शाळेचा आहे," बायजा म्हणाली. "शुक्रवारी लागतो."

तिने फडके घेतले आणि वरपासून खालपर्यंत मला पुसून काढले. लोक "अगं, अगं!" म्हणत राहिले.

"मला परत काढता येतं," ती म्हणाली.

सगळे गोड झाले असे समजू नका. लबाडीचा ठराव फाडावा लागला, उत्तराबाईंची नोकरी राहिली, बायजाचे नाव पटावर राहिले. पण अण्णासाहेबांनी शुक्रवार बंद करण्याचा लेखी हुकूम काढलाच. त्यांनी मला जिन्याखाली टाकायला लावले आणि शाळेला छापील नकाशे आणले. पंधरा दिवसांनी काळुराम नवा छोटा फळा घेऊन आला आणि "हा जुना घेऊन जातो" म्हणत मला उचलून थेट उत्तराबाईंच्या पडवीत उभा करून गेला. तिथे दर रविवारी वर्ग भरू लागला. अठरातल्या नऊ मुली आल्या. पुढे वर्षानुवर्षे तिथे चितारी येत राहिले. राफाएलची लेकरू घेतलेली आई आली, स्वतःचाच म्हातारा चेहरा न लाजता रंगवणारा रेम्ब्रांट आला.

मग आनंदरावांची बदली झाली. घर दुसऱ्यांनी घेतले आणि त्यांनी मला धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून आडवे टाकले. उंदरांनी कोपरा खाल्ला तो तेव्हाच. पाच वर्षे माझ्यावर कोणी एक अक्षर काढले नाही. मी तेव्हाही लाकूडच होतो, पण फळा नव्हतो.

बायजाचे लग्न शहाडच्या राघो सुताराशी झाले होते. आईबापांकडे आली असताना तिला माझा ठावठिकाणा कळला. तिने त्या घरी जाऊन कणगीला दुसरे झाकण दिले आणि मला बैलगाडीत घातले. राघो म्हणाला, "याचं दार चांगलं होईल गोठ्याला."

"गोठ्याला दुसरं कर," ती म्हणाली.

तिने मला स्वतःच्या हाताने काजळी लावली. आज ती पंचविशीत आहे. शहाडला तिच्या अंगणात दुपारी सुतारांची, कोळ्यांची, गिरणीवाल्यांची बारा-पंधरा मुले-मुली बसतात. ती आधी त्यांना अक्षरे शिकवते आणि मग मन्सूर, ड्यूरर, मोरिसो सांगते. परगावच्या या लोकांची नावे पोरांच्या काय कामाची, असे शेजारी विचारतात. ती म्हणते, "आपल्याआधी कोण कोण अडून बसलं होतं, ते ठाऊक असलेलं बरं."

तेव्हा मित्रांनो, माझी विनंती एवढीच. जुने झाले म्हणून मला जपून ठेवू नका. हार घालून भिंतीला टांगू नका, कापडात गुंडाळू नका. ओल्या फडक्याने पुसत जा, वर्षातून एकदा काजळी लावा, आणि रोज माझ्यावर खडू ओढा. रेघ चुकेल, चुकू द्या. कोणी हे तुमचे नव्हेच म्हणाले, तर मला उचला, त्याच्या दारात नेऊन उभा करा आणि त्याच्या डोळ्यांदेखत काढा. मी जड आहे, पण दोघांनी धरले तर कुठेही येतो.