घासलेली कुलपं

धोंडू मेस्त्री गेला तेव्हा विक्रोळीच्या त्या खोलीत एक बायको आणि एकशे ऐंशी कुलपं उरली. बायकोचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. कुलपांसाठी मात्र बाराव्याच्या आतच फोन सुरू झाले.

गिरणी बंद पडली आणि या माणसाला जुन्या कुलपांचं वेड लागलं. गोदामांची, बोटींची, पेढ्यांची, गुप्त खटक्यांची. पलंगाखाली कुलपं, माळ्यावर कुलपं. सुगंधाचे गुडघे गेले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर हा म्हणाला, "एवढं एक कुलूप घेऊ दे, मग तुझे गुडघे." त्या एकामागून अकरा आली. तीन मजले, लिफ्ट नाही. दोन वर्षं सुगंधा जिना बसून उतरत होती आणि प्रत्येक पायरीला नवऱ्याचा उद्धार करत होती. तो मेल्यावरही तिनं ते थांबवलं नव्हतं.

हर्षद हा धोंडूच्या संग्राहक मंडळातला, घाटकोपरचा. त्यानंच ठरवलं, रविवारी खालच्या हॉलमध्ये कुलपं विकायची आणि सगळे पैसे काकीच्या ऑपरेशनला द्यायचे. फलकसुद्धा छापला. शनिवारी सकाळी तो माल बघायला आला.

सुगंधानं आदल्या दिवशीच पितळी कुलपं बाहेर काढली होती. चार लोकांसमोर मांडायची वस्तू, ती काय अशी काळीकुट्ट ठेवायची? गणपतीआधी समई घासतात तशी तिनं ती आमसुलानं आणि रांगोळीनं घासली होती. बोटांना भेगा पडल्या, पण कुलपं लखलखत होती.

हर्षदनं कपाळावर हात मारला.

"काकी, वाट लावलीत! शंभर वर्षांचा थर होता यांच्यावर. लोक त्याचेच पैसे देतात. आता भंगार झालं हे, भंगार!"

सुगंधाचं तोंड उतरलं. आपलं ऑपरेशन आपणच घासून मोरीत सोडलं, असं तिला वाटलं. स्वतःचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

"एक करतो," हर्षद जरा मऊ झाला. "विक्री कॅन्सल. मीच सगळं उचलतो, भंगाराच्या भावानं. काकांसाठी म्हणून. दुसरं कुणी करणार नाही एवढं."

ती हो म्हणणारच होती.

"आणि तो चाव्यांचा डबा कुठंय? काका नंबरांच्या चिंध्या बांधून ठेवायचे ना?"

सुगंधानं मान वर केली. राग चढला की तिच्या तोंडी थेट मालवणी यायची.

"भंगारवाल्याक चावी कित्याक होयी रे?"

हर्षद हसायला गेला, पण जमलं नाही. "तसं नाही काकी..."

"जन्मभर भंगार दिलंय मी. पत्रा दिला, स्टोव्ह दिला, खाट दिली. पण चावी मागणारा भंगारवाला आजच बघितला. चल, नीघ. विक्री उद्याच होणार. फलक तूच छापलायस ना?"

रविवारी कुलपं मंडळाच्या माणसांनी खाली नेली. चाव्या सुगंधानं नेल्या, डबा मांडीवर घेऊन, एकेक पायरी बसत. हॉलमध्ये धोंडूच्या फोटोला हार घातला होता. तिनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

घासलेल्या कुलपांना भाव कमीच आला. काहींनी नाकं मुरडली. पण ती गिऱ्हाइकाचा आकडा ऐकून घ्यायची, डब्यातून चावी काढायची आणि कुलूप खटकन उघडून दाखवायची. कुलूप उघडलं की माणूस आपणहून थोडा वर चढायचा.

दुपारी हर्षद आला. गुप्त खटक्याचं मोठं कुलूप त्यानं हातात घेतलं, आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकला.

"काकी, याचं आपल्या आपल्यात काय ते..."

"मोठ्यानं बोल," सुगंधा म्हणाली. "आणि रांगेतून ये."