जांभळाचं पाणी

ज्या वर्षी नातीचं, शिवांजलीचं, कोरेगावात लग्न झालं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात केरबा मेढ्याजवळच्या देवराईत संध्याकाळी चोरासारखा शिरायला लागला.

कॉलेजातून जंगलाचा अभ्यास करायला आलेल्या दीपालीनं तिथल्या जुन्या जांभळाच्या फांद्यांना पारदर्शक पिशव्या बांधल्या होत्या. देवानं उजवा कौल दिला, तेव्हाच गावानं तिला झाडाला हात लावू दिला होता. पानांतून दिवसभर निघणारी वाफ पिशवीत थेंब थेंब साचायची. राखण केरबाकडे होती.

घरी बायकोच्या, राहीबाईच्या, किडन्या थकलेल्या. डॉक्टरांनी दिवसाला एकच तांब्या पाणी ठरवून दिलेलं. एरवी ओल्या कापसाचा बोळा ओठांवर फिरवायचा. देवराईतली काटकीही घरी आणायची नाही, हा नेम केरबानं जन्मभर पाळला होता. पिशवीतल्या पाण्याबद्दल मात्र कुणी काही सांगून ठेवलं नव्हतं.

त्या पाण्याचा बोळा लागला की राहीबाई डोळे मिटायची. "पाल्याचा वास येतोय. आवं, रानात निजल्यावानी वाटतंय."

एकदा दीपालीनं धरलंच. "आबा, पिशवी कुणी सोडली?"

"माकडानं."

"आणि गाठ पण परत मारली?"

"हितली माकडं लय शिकलेली हायती, बाई."

ती हसली. मग केरबानं खाली बघत राहीबाईचं सांगितलं. ती म्हणाली, "माझं मोजून झालं की न्या ना, आबा."

वैशाखात ओढा आटला. सावलीही तापली. पानं मलूल लोंबायला लागली, आणि पिशव्या कोरड्याच राहिल्या.

"रुसलं का काय ते?"

"मुळांना ओल मिळेना, की झाड पानांची बारीक तोंडं मिटून घेतं. पाणी वाचतं. पण हवा आत जात नाही, मग पानांचा स्वयंपाकही बंद."

"म्हंजी, तहान राखायची तर उपाशी ऱ्हायचं?"

"हो. पण असं फार दिवस जमत नाही, आबा."

त्या संध्याकाळी केरबानं बोळा घरच्या हंड्यात बुडवला आणि राहीबाईच्या ओठांवर धरला.

"ह्यो हंड्यातला हाय," ती हळूच म्हणाली.

केरबानं बोळा मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या. झाडाला आता काय मागू नगा. त्याचंच त्याला पुरंना."

पुढं रोज उन्हं कलली की केरबा राहीबाईच्या वाटणीचा तांब्या भरून देवराईत न्यायचा आणि जांभळाच्या बुंध्याशी सावकाश ओतायचा. राहीबाई त्याच वैशाखात, पौर्णिमेच्या पहाटे वारली होती.