दसऱ्याला धुतलेल्या नळ्या

मित्रांनो, शेणवे गावच्या बारकूने थोरल्या लेकीचे, शालनचे, लग्न केले त्या १९९६ साली मी शहापूरच्या एका कॉलेजात आले. मी आता एक जुनी उबवणी पेटी आहे. तेव्हा माझ्या पोटात माणसाच्या अंगाइतकी ऊब असे. झाडलोट करणारी धोंडीबाई सारखी विचारी, "पिल्लं कवा निघायची गो हिच्यातून?"

माझ्यात अंडी नव्हती, जंतू वाढत. काही वर्षांनी बारकूची धाकटी लेक पौर्णिमा तिथे शिकायला आली. औषधांना न जुमानणारे जंतू काचनळीला आतून बुळबुळीत थर धरतात, ओढ्यातल्या दगडावर धरतो तसा. त्या थराखाली औषध पोचत नाही. इंद्रजीत सर नवी रसायने बनवत. कोणत्या रसायनाने थर धरत नाही, ते पौर्णिमा पाही. नळी रिकामी करून ती वाळवी, मग जांभळा रंग घाली. रंग ओतून टाकल्यावर जांभळे कडे उरले की जंतू जिंकले.

बारकूच्या पायाला नांगराचा फाळ लागला होता. ठणका थांबताच त्याने गोळ्या सोडल्या. जखम पुन्हा चिघळली आणि मग कुठलीच गोळी लागू पडेना. त्याच जखमेतले जंतू पौर्णिमाने माझ्यात ठेवले.

"सर, जमलं तर बाबांना देता येईल?"

"काचेतून माणसापर्यंत यायला वर्षं लागतात, पौर्णिमा."

तरी ती थांबली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने नळ्या रिकाम्या करून माझ्यात वाळत ठेवल्या. दसऱ्याला ती विहारात वंदनेला गेली. इकडे धोंडीबाईने मला पुसले, हळदीकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. नळ्याही घासून लख्ख केल्या आणि होत्या तशा ठेवल्या.

सुट्टीनंतर पौर्णिमाने रंग घातला, ओतून टाकला. एकाही नळीत कडे नाही! ती हसली. मग तिने शेवटची नळी उचलली. त्या नळीत रसायन घातलेच नव्हते, तिथे कडे उमटायलाच हवे होते. तीही स्वच्छ होती.

"मावशी, नळ्यांना हात लावलास?"

"मंग? दसऱ्याला हत्यारं खरकटी ठेवायची काय गो? बघ कशी चकाकतात!"

पौर्णिमा ओरडली नाही. "आधी हात दाव," म्हणाली आणि तिचे हात साबणाने धुऊन दिले. मग माझ्या दाराला कपाळ टेकून उभी राहिली.

जखमेतला पू आणायला ती पुन्हा घरी गेली. बाप काय म्हणाला, ते तिने धोंडीबाईला सांगितले. "घे बाय. जखमेला काय तोटा नाय."

या खेपेला रसायन नसलेल्या नळीत जांभळे कडे उमटले. शेजारच्या, रसायन घातलेल्या एका नळीत कडे नव्हते. ती नळी तिने खूप वेळ उजेडात धरली. मग बापाला सांगायला ती एसटी पकडायला धावली.

पुढे ती मोठ्या शहरात गेली. नवी पेटी आली आणि मला कोठीत, मोडक्या बाकांमागे ढकलले. धोंडीबाई दर दसऱ्याला कुंकू लावायला येई. आता तीही येत नाही. जन्मभर ऊब धरली, आता पोट गार आहे.

मित्रांनो, ठणका थांबला म्हणून गोळ्या सोडू नका. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या पुऱ्या घ्या.

शेणव्याचा बारकू २००३ सालच्या कार्तिकात वारला. तेव्हा पौर्णिमा त्या नळीची बातमी घेऊन एसटीत होती.