माझ्या पायाशी राहायला आलेल्या माश्या

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे आणि सध्या माझ्या पोटात दुखतं आहे. पोट रिकामं आहे म्हणून नव्हे, रिकामं राहायची मला आता सवय झाली आहे. ज्यांच्यामुळे दुखतं त्या माझ्या पायाशीच जमिनीत राहतात. दिसायला तांदळाच्या दाण्याएवढ्या, पण सगळं घर त्यांच्यापुढे ओणवं होऊन बसतं. त्यांचं पुराण सांगतेच, पण आधी माझं ऐका. हल्ली मला कोणी विचारत नाही.

माझा जन्म भरे गावातल्या एका सुताराच्या पडवीत झाला. त्याने शिवणीच्या फळ्या रंधून रंधून गुळगुळीत केल्या आणि माश्यांनी पोळी बांधावीत म्हणून आत एकाशेजारी एक चौकटी बसवल्या. माश्यांना ये-जा करायला पुढे एक फट ठेवली. कोळवण खोऱ्यातल्या साळूबाई मला जीपच्या टपावर घालून घरी घेऊन आल्या. मधमाश्या पाळायचं शिक्षण त्यांनी हौसेने घेतलं होतं. त्यांचे यजमान कोंडिबा मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "लोकं गाया पाळत्यात, शेरडं पाळत्यात. माश्या कुनी पाळतं व्हय?"

साळूबाईंनी मला खळ्याच्या कडेला, गोठ्याच्या छपराखाली एका लाकडी घोडीवर बसवलं. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मग डोंगरातल्या एका झाडाच्या ढोलीतून सातेरी माश्यांची वसाहत आणून माझ्यात भरली. त्या दिवसापासून मी गुणगुणू लागले.

काय दिवस होते ते! भात निसवायच्या, लोंब्या बाहेर यायच्या सुमारास बांधापलीकडे कारळ्याचं शेत पिवळंधमक व्हायचं आणि माझ्या दारात नुसती झुंबड उडायची. मध काढायचा म्हटलं की शेजारपाजारच्या बाया वाट्या घेऊन हजर. ज्या कोंडिबांनी नाक मुरडलं होतं, तेच पाहुण्यांना हाताला धरून आणायचे आणि "ही आमची पेटी" म्हणून मला दाखवायचे. त्यांची मुलगी गौतमी तर शाळेतून आली की दप्तर ओसरीवर फेकून आधी माझ्याकडे यायची. माश्यांनी पायाला काय चिकटवून आणलं, कोणत्या फुलाचं आणलं, हे ती मला एकटीला सांगायची. खरं सांगते, त्या काळात मला जगात कोणाचा हेवा वाटला नाही.

मग माझ्या पोळ्यांना मेणकिडा लागला. साळूबाईंनी चौकटी उन्हात घातल्या, घासल्या, धुरी दिली, पण एका सकाळी माझी वसाहत उठली आणि डोंगराकडे निघून गेली. पुन्हा आणलेली वसाहतही टिकली नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून माझं झाकण सुतळीने बांधून टाकलं आणि माझा मान तिथेच संपला. कोंडिबा माझ्यावर विळा ठेवू लागले, भिजलेला टॉवेल वाळत घालू लागले. मी सोसलं. निदान गौतमी येता-जाता माझ्यावर हात फिरवायची.

त्याच सुमारास गावात मळणीचं यंत्र येऊ लागलं आणि आमचं खळं सारवायचं बंद झालं. छपराखालची, माझ्या पायाशी असलेली जमीन उघडी पडली, कोरडी आणि टणक. तिथे एक दिवस शिसपेन्सिलीच्या टोकाने पाडावीत तशी बारीक भोकं दिसली. प्रत्येक भोकाभोवती मातीची इवलीशी रास होती आणि भोकातून एक डोकं बाहेर बघत होतं. हिरवं, सोनेरी झाक असलेलं, उन्हात लखलखणारं.

गौतमी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात कीटकांचाच अभ्यास पूर्ण करून घरी आली होती. कारळ्याच्या शेतात काम करताना तिच्या घामेजल्या मनगटावर एक हिरवी माशी येऊन बसली आणि घाम चाटू लागली. गौतमीने हात हलवला नाही. माशी उडाली तशी गौतमी तिच्या मागे मागे आली, ती थेट माझ्यापर्यंत. मला वाटलं, पोरगी मला भेटायला आली. ती माझ्यासमोर पालथी पडली आणि तिने माझ्या पायाखालच्या भोकाला डोळा लावला.

"आई, हितं ये. घाममाश्या हायेत," तिने हाक मारली.

"घाम खात्यात का काय?" साळूबाईंनी विचारलं.

"खारट लागतो म्हनून चाटत्यात. बघ तरी, कशा चमकत्यात."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मध देत नाहीत, मेण देत नाहीत. घर म्हणजे जमिनीतलं एक भोक, आणि खातात काय, तर माणसाचा घाम. अशा उपटसुंभ माश्यांसाठी ती तास न् तास पालथी पडू लागली. मोबाइलला एक छोटं भिंग लावून त्यांचे फोटो काढायची. फोटो काढताना तोल राहावा म्हणून माझ्या घोडीचा पाय धरायची. माझ्याकडे मान वर करून बघायचीसुद्धा नाही.

पुढे मला त्यातलं खरं कारण कळलं, तेही माझ्यासमोर फोनवर बोलणं झालं म्हणून. कॉलेजातले तिचे इंद्रजित सर सांगत होते, "गौतमी, फोटो सुंदर आहेत, पण यावरून जात ओळखता येणार नाही. या गटातल्या दोन-चार जातींच्या माद्या हुबेहूब सारख्या दिसतात. आपल्याला नर लागेल. नराच्या मिशा लांब असतात, अंग सडपातळ असतं आणि पोटाच्या टोकाची ठेवण प्रत्येक जातीत वेगळी असते. पावसाळा सरल्यावर थोडेच दिवस नर बाहेर दिसतात. तेवढ्यात मिळवायचा."

नर मिळाला, नाव ठरलं, तर मुळशीतल्या रानमाश्यांवर पुढचा अभ्यास करायला सर तिला आपल्याकडे घेणार होते. नाहीतर दिवाळी झाल्यावर उरवड्याच्या एका कंपनीत रुजू व्हायचं, असं कोंडिबांनी ठरवून टाकलं होतं. ओळखीच्या माणसाने शब्द टाकला होता आणि बापाला तो मोडायचा नव्हता. गौतमीने फक्त या हंगामापुरती सवड मागून घेतली होती.

मी मनात म्हटलं, नाहीच मिळणार नर. कंपनीत गेली तर रोज संध्याकाळी घरी येईल. या हिरव्या टवळ्या विसरेल आणि माझ्यात पुन्हा वसाहत भरेल. असं मला वाटायचं आणि त्याचं वाईटही वाटायचं नाही.

दिवाळी जवळ आली. कारळा फुलला, भात कापणीला आलं. गौतमीने जाळी घेऊन शेत पालथं घातलं, पण हाती लागल्या त्या माद्याच. शेवटी सर म्हणाले, मीच येतो, घरटी बघू, तिथे नर घिरट्या घालत असतील. परवा येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी गौतमी काही सामान आणायला सकाळच्या एसटीने पुण्याला गेली.

आता पुढे जे झालं, त्यात साळूबाईंचा दोष नाही. मुलीचे सर घरी येणार, तेही खळं बघायला. त्यांच्यासमोर उखणलेली, भोकं पडलेली जमीन कशी ठेवायची? साळूबाईंनी पदर खोचला. आधी ओल्या मातीने एकेक भोक बुजवलं, अंगठ्याने दाबून सारखं केलं. मग शेण कालवलं आणि त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून सगळं खळं असं सारवलं, की नव्या नवरीच्या घरचं असावं. वर रांगोळीचं मोठं कमळ काढलं.

खरं सांगू? मला आनंद झाला. एकेक भोक बंद होत होतं आणि मला बरं वाटत होतं. कारळ्याहून परतलेल्या माद्या पायाला पिवळा पराग लावून कमळावर भिरभिरत होत्या आणि त्यांना त्यांचं दार सापडत नव्हतं. भिरभिरा म्हटलं. माझंही दार असंच बंद झालं आहे.

दुपार कलली तशी गौतमी आली. खळ्याच्या कडेला तिचे पाय थबकले.

"आई, कोपऱ्यातली भोकं?"

"बुजवली की. तुझं सर यायचं, त्यांनी काय म्हनावं? यांची पोरगी एवढी शिकली आन् घरात शेणाचा हात न्हाई?" साळूबाई कौतुकाच्या अपेक्षेने तिच्याकडे बघत होत्या. "चांगलं झालंय न्हाई का?"

गौतमीने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "लई चांगलं झालंय, आई." आणि खळं ओलांडायचं नाही म्हणून कडेकडेने फिरून माझ्याजवळ आली आणि घोडीला पाठ टेकून खाली बसली.

साळूबाईंना काहीतरी चुकल्याचं कळलं. त्या जवळ आल्या. "सर तीच भोकं बघाया येनार हुतं का गं?"

गौतमीने मान डोलावली. साळूबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "मला येडीला वाटलं, खळंच बघाया येत्यात." त्या कमळाकडे बघत राहिल्या. "पुसू का? खरवडू का आत्ता?"

"नको. वल्यात खरवडलं तर आतल्या पार चिरडतील. जाऊ दे, आई. बाबांनी सांगितलंय तितं मी जाईन. तू वाईट नको वाटून घेऊ."

मायलेकी माझ्या पायाशी अशा बसलेल्या होत्या, मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी माझं समाधान होत नव्हतं, ते का, कोण जाणे.

ऊन उतरलं. तेवढ्यात माझ्या झाकणाच्या लोंबत्या सुतळीवर काहीतरी येऊन बसलं. मग त्याच्याशेजारी दुसरं. बघता बघता सुतळीच्या टोकाला हिरव्या माश्यांची माळ झाली. पण या माझ्या पायाशी राहणाऱ्या नव्हत्या. यांच्या पायांना पराग नव्हता, अंग काटकुळं होतं आणि मिशा या एवढ्या लांब. मित्रांनो, मी लाकडाची असले तरी फोनवरचं बोलणं मी ऐकलं होतं. नर घरट्यात परतत नाहीत, बाहेरच वाळक्या काडीला धरून रात्र काढतात. त्यांनी काडीऐवजी माझी सुतळी धरली होती.

मला वाटलं, गौतमीने वर बघू नये. अगदी मनापासून वाटलं. थोडा अंधार पडू दे, बस्स. पण मला ना हलता येतं, ना काही झाकता येतं. उठण्यासाठी तिने माझा आधार घेतला, मान वर केली आणि तशीच थांबली.

"आई, हलू नको," ती हळू आवाजात म्हणाली. "नर हायेत. पेटीवर हायेत."

तिने दोन नर अलगद बाटलीत घेतले, बाकीचे झोपू दिले. दुसऱ्या दिवशी सर आले. पादत्राणं खळ्याबाहेर काढून ते कमळाशी उकिडवे बसले. कमळाच्या एका पाकळीला भोक पडलं होतं आणि त्यातून एक हिरवं डोकं बाहेर बघत होतं. "काकू, तुम्ही सारवण पातळ घातलंत, म्हणून काही वाचल्या," सर म्हणाले. साळूबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि पदराने डोळे पुसले. सरांनी बाटलीतला नर भिंगाखाली धरला, आणि पुढे काही दिवसांनी पुण्याहून नाव आलं. ते इतकं लांबलचक आहे, की मला उच्चारता येत नाही. ही जात या भागात राहते हे सरांनाही माहीत नव्हतं म्हणे. कोंडिबांनी उरवड्याला जाऊन आपला शब्द मागे घेतला आणि गौतमी पुण्याला राहायला गेली.

म्हणजे जिला मी धरून ठेवू बघत होते, तिला घालवणारे माझ्याच सुतळीवर येऊन झोपले. याहून मोठा जळफळाट कोणता?

आता साळूबाई खळं सारवतात, पण तो कोपरा सोडून. आणि मित्रांनो, तुम्हीही घराभोवती हातभर जमीन उघडी ठेवा. फरशी घालू नका, सारवू नका. हे मी त्या माश्यांच्या प्रेमापोटी सांगत नाही. त्या मला आजही आवडत नाहीत.

रोज संध्याकाळी गौतमीचा फोन येतो. साळूबाई फोन कानाला लावून खळ्यात येतात, माझ्यावर एक हात टेकतात आणि वाकून खाली बघतात. "व्हय, हायेत. आज लई हायेत. न्हाई गं, पानी न्हाई सांडलं." पोरगी पेटीबद्दल विचारत नाही, आईही सांगत नाही. पण त्यांचे गुडघे आता धरतात, वाकताना सगळा भार माझ्यावर येतो आणि माझ्या जुन्या फळ्या कुरकुरतात. फोन संपेपर्यंत मी त्यांना पडू देत नाही. तेवढं एक सांगणं आहे, बाळांनो. ज्याच्यावर हात टेकून तुम्ही दुसऱ्याकडे बघता, त्याच्याकडेही कधीतरी बघत जा.