उर्सुलाले आवाज द्या

बसा भाऊ, धानोऱ्याच्या बसले टाइम आहे. तवरक आमच्या गावातल्या एका पोट्टीचं नाव उर्सुला कसं पडलं, ते सांगतो.

आमच्यात लेकराचं नाव आपल्या मनानं ठेवत नाई. लेकरू रडाले लागलं का घरातल्या मेलेल्या माणसाईची नावं एकेक करून घ्याची. ज्या नावावर लेकरू चूप झालं, तो माणूस वापस आला. तेच नाव.

पवनले पोरगी झाली. त्याची माय बुधरी आस लावून बसली होती. तिचा नवरा इसरू दोन सालापहिले गेला, अन् तिले तोच वापस पाह्यजे होता. पोरगी झाली तं काय झालं, म्हणे, येणारा कसाही येते.

नावं घ्याले मले बसवलं. मी पहिलंच घेतलं, इसरू. पोरगी अजून जोरानं रडली. बुधरीचं तोंड उतरलं. मंग मी आजे, पणजे, काकवा, सारे घेतले. घरातले मेलेले सरले, पोरगी काई थांबेना.

तेवढ्यात दवाखान्याची सिस्टर डोस द्याले आली. झारखंडची बाई, हिंदीच बोलते. पवननं आवाज देल्ला, "या, उर्सुला सिस्टर."

पोरगी चूप.

मी पुन्हा इसरू म्हटलं. रडली. उर्सुला म्हटलं. चूप.

आता आली का पंचाईत? ज्याचं नाव लागते तो मेलेला पाह्यजे. सिस्टर तं दारात चपला काढून राह्यली होती. सारे तिच्याकडंच पाहाले लागले.

"क्या हुआ? मुझे क्यों देख रहे हो?"

बुधरी म्हणे, "बाई, तुह्या नावाचा मतलब काय?"

"छोटी भालू," सिस्टर म्हणे. "लॅटिन का नाम है."

बुधरी पोरीजवळ सरकली. काऊन, ते सांगतो. जंगलात मोहाची फुलं वेचताना इसरूले अस्वलानं पकडलं होतं. अर्धा कान घेऊन गेलं. तेव्हापासून सारं गाव त्याले अस्वल्याच म्हणे, राशनवालाही. बुधरी तं नवऱ्याचं नाव घेतच नव्हती, 'आयकलं का' म्हणे. मंग इसरू म्हटल्यावर तो कायले ओ देईन?

पवनले पटेना. "पण माय, बाबाले गोंडी येये, मराठी येये. हे लॅटिन कुठी शिकला?"

बुधरीनं सिस्टरलेच विचारलं, "कोण बोलते ते भाषा?"

"अब कोई नहीं बोलता, अम्मा. मरी हुई भाषा है."

"मंग बरोबर आहे," बुधरी म्हणे. "तिकडंच शिकला."

अन् पोरीले मांडीवर घेऊन रडाले लागली. पोरीनं पहिले तिचा कान धरला. सोताचा अर्धा गेला होता ना.

आता पोरगी अंगणवाडीत जाते. पण बाई नवऱ्याचं नाव कशी घेईन? बुधरी नातीलेही 'आयकलं का' म्हणूनच बलावते. पोरगी काई आयकत नाई. तोही नव्हता आयकत.

ते पाहा, बस आली. पुढच्या वळणावर बोरीचं झाड लागन, त्याच्या बाजूचं घर बुधरीचं. सोता नाव घेत नाई, पण दुसऱ्यानं घेतलं का म्हातारी हातातलं काम सोडून आंगणात येऊन उभी राह्यते. तं भाऊ, खिडकीपाशी बसा, अन् तिथी एक जोरात आवाज द्या, उर्सुला म्हणून.