बंदराचं नाव

अंजना चहाचा पेला घेऊन गोठ्याच्या दारात आली, आणि तेवढ्यात नानासोंनी रेडिओचा कान पिळून आवाज खाली आणला. इतका खाली, की आत बाई बोलतेय का बाप्या, हेही कळेना. म्हातारा गव्हाणीच्या कडेला टेकून, रेडिओ उजव्या कानाला लावून बसला होता. डावा कान फौजेत असतानाच गेलेला.

"काय म्हंतोया, मामा?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. कांद्याचं भाव."

कांद्याचे भाव ऐकायला कुणी श्वास रोखून बसतं होय? नानासोंनी उभ्या जन्मात कांदा लावला नव्हता. अंजनानं पेला त्यांच्या हाताशी ठेवला, शेण आवरायचं निमित्त काढून जरा रेंगाळली. सासऱ्यानं तोंड फिरवलं. तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

रविवारी रेडिओनं पहिल्यांदा सांगितलं होतं, आंध्रात वादळ झालं म्हणून. समुद्र उठला आणि गावांत शिरला. अंजनाचा नवरा अर्जुना आंध्रातच होता. वाडीतले निम्मे बाप्ये सोनंचांदी गाळायच्या धंद्यात, गलाईत, असे मुलूखभर पांगलेले. कुणी मद्रासला, कुणी काशीला. अर्जुना बंदर नावाच्या गावी बाळासोच्या भट्टीवर कामाला होता. बंदर, जिल्हा कृष्णा. लग्न होऊन आली तेव्हा हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. वाडीखालची येरळा पुढं कृष्णेला मिळते आणि तीच कृष्णा थेट नवऱ्याच्या मुलखात जाते. परक्या देशात तेवढं तरी ओळखीचं.

आता रेडिओ ऊठसूट कृष्णा जिल्ह्याचं नाव घेत होता. गुंटूर म्हणत होता, दिवी म्हणत होता, मछलीपट्टणम म्हणत होता. मेलेल्यांचा आकडा सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, आणि दुसरा कायम पहिल्याला खाऊन मोठा झालेला. सांगणाऱ्याच्या आवाजात मात्र तसूभर फरक नाही. इतके हजार दगावले म्हणायचा आणि त्याच सुरात, उद्या हवामान कोरडं राहील म्हणायचा. अंजनाला त्या आवाजाची शिसारी आली होती. "मुडद्या, तुज्या घरचं कुणी न्हाई ना तितं," असं ती चुलीपाशी बसून त्याला ऐकवायची.

रोज बातम्या संपल्या की ती एकच विचारायची.

"बंदराचं नाव काढलं का?"

"न्हाई. बंदराचं नाव न्हाई काढलं."

एकदा तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं. 'कोकण किनाऱ्यावरील सर्व बंदरांना धोक्याचा इशारा', असं काहीसं. पिठाचे हात घेऊन ती तशीच धावत बाहेर आली.

"आवं मामा, काढलं की! बंदर म्हणला त्यो!"

"ते न्हवं गं पोरी. बंदर म्हंजी दर्याच्या काठाला बोटी लागत्यात ती जागा. मुंबईला बी बंदर, रत्नागिरीला बी बंदर. आपलं बंदर म्हंजी गावाचं नाव हाय."

"मग तार करा की."

"तारा तुटल्यात सगळ्या. विट्याच्या पोस्टात घेतच न्हाईत."

सगळ्याला उत्तर तयार! तिला वाटलं, खरं बोलणाऱ्याला इतकी उत्तरं सुचत नाहीत. शिवाय म्हातारा जेवत नव्हता. अर्धी भाकरी मोडायचा आणि उरलेली बैलाला घालायचा. पहिल्यांदा ओसरीवर वाजणारा रेडिओ आता गोठ्यात गेला होता. परवा शाळेच्या मास्तरांशी पिंपळाखाली कुजबुज चालली होती, ती येताना दिसली तसे दोघे गप्प झाले. आणि मास्तरांकडून आणलेला पेपर नानासोंनी आपल्या वाकळेखाली घातला होता. झाडलोट करताना तिनं तो पाहिला, पण सासऱ्याच्या अंथरुणाला हात कसा लावायचा? सासू मनुबाई लेकीच्या बाळंतपणाला कराडला गेलेली. घरात विचारायला तिसरं माणूस नाही.

संशयाला एकदा ओसरी दिली की तो माजघरात येतो. दिवाळीला येतो म्हणालेला अर्जुना आला नव्हता. मालक सोडत नाही, असा निरोप आला होता. तेव्हाच वाडीतल्या बायका पाणवठ्यावर एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. गलाईवाल्यांनी तिकडं दुसरं बिऱ्हाड केल्याच्या गोष्टी काही नव्या नव्हत्या. म्हाताऱ्याला तेच कळलं असेल का? वादळाच्या आडोशाला भलतंच काही झाकत असेल का? मन चिंती ते वैरी न चिंती. आणि गंमत अशी की हा विचार करता करता तिला एकदम हलकं वाटलं. सवत असू दे. दोन असू देत. पण धनी असू दे म्हणजे झालं. मग तिचं तिलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. नानासोंनी तिला हाक मारली.

"विट्याला जातीयास न्हवं? रेडिओचं सेल आण. हे पार उतरल्यात."

"तुमीच का जात न्हाईसा?"

"बातम्या चुकत्यात माज्या."

बरोबर बातम्यांच्या वेळेला आपल्याला घराबाहेर काढतोय, हे तिनं मनात नोंदवलं. पण तिलाही विट्याला जायचंच होतं. विट्याच्या बाजारात बनुबाई मिरच्या विकायला बसायची. तिचा नवरा गलाईतलाच. त्याच्याबरोबर तिनं उमेदीची सगळी वर्षं आंध्रात काढली होती. आजही चिडली की ती तेलुगूत शिव्या द्यायची, आणि कुणाला कळत नाही म्हणून मनमोकळ्या द्यायची.

अंजनानं आधी सेल घेतले, पदराच्या टोकाला बांधले आणि मिरच्यांच्या ढिगासमोर बसली.

"मावशी, बंदर कुटं आलं वो?"

बनुबाई मिरच्या जोखत होती. तिनं वर पाहिलं.

"तुज्या घरात रेडिओ हाय न्हवं?"

"हाय की. पर त्यो बंदराचं नावच काढीत न्हाई."

बनुबाईनं तागडी खाली ठेवली. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "जरा दम धर बाबा." मग अंजनाकडे सरकली.

"कसा काढंल? सरकार त्येला बंदर म्हणतच न्हाई. मिरजंला गाडीत बसायचं, हुबळी, गुंतकल, बेजवाडा, आन् तितनं बंदर. तिकिटावर मछलीपट्टण लिवल्यालं असतंय. डब्यातली माणसं बंदर म्हणत्यात. एकच गाव गं त्ये, बाई."

अंजना मिरच्यांकडे बघत राहिली. लाल, सुकलेल्या, देठासकटच्या मिरच्या. बनुबाई आणखी काही सांगत होती; सगळं गाव का कधी बुडतं, माडीवरची माणसं वाचतात, भट्टीवाल्यांची घरं पक्की असतात. तिच्या कानात एकही शब्द ठरेना.

"नानासोंस्नी ठावं न्हाई व्हय हे?" बनुबाईनं विचारलं.

"त्यास्नी?" अंजना उठली. "त्यास्नी समदं ठावं हाय."

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. आभाळ आलं होतं, रस्त्याकडेचा शाळू वाऱ्यानं एका अंगाला कलत होता. तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. रोज मछलीपट्टणमचं नाव ऐकायचं आणि रोज आपल्याला सांगायचं, बंदराचं नाव नाही काढलं! शब्दाला शब्द खरा आणि सगळं मिळून खोटं. मला येडी समजला म्हातारा. जाताच विचारायचं, आज सासरा म्हणून भीड धरायची नाही, असं ठरवून ती वाडीच्या फाट्यावर उतरली.

नानासो गोठ्यातच होते. तिला बघून त्यांनी आधी हात पुढं केला, सेलांसाठी. तिनं दिले नाहीत.

"मामा, परवा मास्तरास्नी काय इचारीत हुता?"

म्हातारा ओशाळला. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस, पण मान खाली घातली.

"नकाशा बगाय गेलतो. तू हसशील म्हणून बोललो न्हाई. दर्याचा सगळा काठ बोट लावून बगितला. मछलीपट्टण हाय, बाकीची हाईत. बंदर न्हाई. मास्तर म्हणालं, ल्हान गाव असंल, आत कुटं तरी."

"आन् पेपर?"

"पेपर?" नानासो उठले, ओसरीवर गेले, वाकळेखालून पेपर काढून घेऊन आले. घड्या घालून घालून त्याची लक्तरं झाली होती. "मला कुटं धड वाचाय येतंय. पर 'ब'वर टिंब वळखाय येतंय. अक्षर न् अक्षर बगितलं. 'बं' दिसला की काळजात चर्र हुतंय, मग पुढं बगतो तर बंगाल, न्हाईतर बंदोबस्त. आपलं बंदर कुटंच न्हाई. तुला रोज सांगतोय त्ये तुला खोटं वाटतंय व्हय?"

"मग मी आली की रेडिओ बारीक का करता?"

"आगं, उतरल्याल्या सेलवर मोठा लावला तर बातम्या संपायच्या आत मरतोय त्यो! कांद्याचं भाव हुईस्तोर बारीक ठेवायचा, बातम्या आल्या की वाढवायचा. हितं गोठ्यात पत्र्याखाली जरा बरा लागतोय."

अंजना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शोधूनही तिथं काही लपवलेलं सापडेना. मोतीबिंदू उतरू लागलेले डोळे, वाढलेली पांढरी दाढी आणि भाबडा आनंद, बंदर कुठंच नसल्याचा. म्हाताऱ्याला खरंच माहीत नव्हतं. संशय होता तोवर निदान घरात एक जाणतं माणूस होतं. त्यानं सगळं आपल्या उरावर घेतलंय, आपण नुसतं त्याच्यावर रागवायचं. आता जाणती ती एकटीच होती.

"फौजेत बी असंच असायचं," नानासो सांगत होते. "ज्या चौकीचं नाव रेडिओवर येत न्हाई, ती शाबूत समजायची. दे सेल. बनुबाई भेटली का बाजारात? तिला ठावं असंल बंदर कुटंशी हाय ते."

अंजनानं पदराची गाठ सोडली. गाठ लवकर सुटेना.

"भेटली की," ती म्हणाली. "लांब हाय म्हणली. दर्यापासनं लय लांब."

नानासोंनी रेडिओचं मागचं झाकण उघडलं होतं. त्यांचा हात तिथंच थांबला.

"बंदर?" ते म्हणाले.

तेव्हा तिला कळलं आपण काय बोललो ते. जीभ चावून उपयोग नव्हता.

"व्हय," ती म्हणाली.

"दर्यापासनं लांब."

"लय लांब, मामा."

बैलानं शेपटीनं पाठीवरची माशी हाकलली. नानासोंनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग नजर काढून घेतली.

"असंल," ते हळू बोलले. "आपल्या पल्याडच्या तळवाडीत तरी कुटं तळं हाय."

सेल त्यांनी रेडिओत घातलेच नाहीत. कागदासकट ओसरीच्या कोनाड्यात ठेवले आणि म्हणाले, "वाढ. भूक लागलीया." ते पानावर बसले, भाकरी सगळी खाल्ली. बैलाच्या वाट्याला काही गेलं नाही. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ आली आणि गेली. दोघांपैकी कुणीही रेडिओकडे पाहिलं नाही.

पहाटे ती उठली तर नानासो अंघोळ करून, दाढी करून तयार होते. ट्रंकेतला फौजेचा लांब कोट त्यांनी अंगावर चढवला होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"विट्याला जाऊन येतो," ते म्हणाले.

"कशाला?"

"सेल आणाय."

अंजनाची नजर कोनाड्याकडे गेली. सेल तिथंच होते, बांधलेल्या कागदात. नानासोंनीही तिकडं पाहिलं, मग कोटाची बटणं लावायला लागले.

"दुपारपत्तूर येतो. एक भाकरी बांध, बास. बैलाचं शेजारचा केरबा बगंल, त्येला सांगितलंय. आन् तुज्या सासूला निरोप धाडलाय, येईल ती दोन दिसात."

"व्हय," ती म्हणाली आणि आत गेली.

तिनं चूल पेटवली. परातीत पीठ घेतलं. पाण्याचा तांब्या हाताशी होता, तो तिनं बाजूला सारला, आणि शिंक्यावरचं दुधाचं भांडं काढून सगळं दूध पिठात ओतलं. पाण्याची भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते. लांबच्या गावाला जाणाऱ्याला दुधातल्या दशम्या बांधून द्यायच्या असतात. मिरज, हुबळी, गुंतकल, बेजवाडा. ती मनात म्हणत होती आणि थापत होती. एक झाली, दुसरी झाली, चवड वाढत चालली.

नानासो बसची वेळ झाली म्हणून सांगायला चुलीपाशी आले. त्यांनी रिकामं दुधाचं भांडं पाहिलं, दशम्यांची चवड पाहिली.

"एवढ्या कशाला गं?"

अंजनानं तव्यावरून नजर काढली नाही.

"दोगांपुरत्या करतीया, मामा."

म्हातारा दाराची चौकट धरून उभा राहिला.

"बांध," मग ते म्हणाले. "परतीच्या वाटंला त्येला भूक लय लागती."